धुरजड की उलाळ: डर्ट बाईकच्या ट्रेलरसाठी एसयूव्ही घेताना

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. मी, नवरा, चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. नवरा पुण्यात कॉलेजला असताना मोटोक्रॉसच्या शर्यती बघायला उन्हातान्हात तासन्‌तास उभा राहायचा. ती हौस इथे आल्यावर फिटली. आज घरात तीन डर्ट बाईक आहेत, तिन्ही होंडाच्या: त्याची सीआरएफ २५० एफ, मुलाची १२५ आणि धाकटीची ११०. पहिलीचं वजन २६५ पौंड, दुसरीचं दोनशेच्या आसपास, तिसरीचं एकशे सत्तरच्या आसपास. या बाईक रस्त्यावर चालवायच्या नसतात, त्यामुळे त्या मैदानापर्यंत न्यायच्या कशा, हा प्रश्न बाईक घरात आल्या दिवसापासून दारात उभा असतो. आमची मैदानं म्हणजे दक्षिणेला हॉलिस्टर हिल्स, पूर्वेला ट्रेसीजवळचं कार्नेगी आणि वर्षातून एखादवेळी लॉस एंजेलिसच्या वाटेवर गॉर्मनजवळचं हंग्री व्हॅली.

गेल्या वर्षीपर्यंत आमच्याकडे पाच जणांची एक छोटी हायब्रीड एसयूव्ही होती. तिच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढायची मर्यादा १,७५० पौंड दिलेली. मागे तीन रुळांचा एक उघडा, जुना ट्रेलर लावायचो. रिकामा ट्रेलर ४६० पौंड, बाईक ६३५, आणि पेट्रोलचे दोन डबे, बर्फाची पेटी, हत्यारं, रॅम्प, बूट-हेल्मेट, तंबू-खुर्च्या मिळून २८५. एकूण १,३८० पौंड, म्हणजे सव्वासहाशे किलो. मर्यादेच्या बऱ्याच आत. हा हिशेब मी स्वतः केला होता आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

एप्रिलमध्ये माझे आईवडील फलटणहून सहा महिन्यांसाठी आले. आता माणसं सहा झाली आणि गाडी अपुरी पडायला लागली. तीन रांगांची गाडी घ्यायची, हे तेव्हाच ठरलं. कोणती घ्यायची, हे मात्र मे महिन्यातल्या एका शनिवारमुळे ठरलं.

ऑल्टमाँटचा उतार

त्या दिवशी आम्ही चौघंच कार्नेगीला निघालो होतो. गाडी मी चालवत होते. फ्रीमाँटहून ५८० नंबरच्या हायवेने पूर्वेला गेलं की ऑल्टमाँटची खिंड लागते. तिथे डोंगरावर पवनचक्क्या आहेत, आणि त्या उगाच नाहीत: वारा तिथे आडवा झोडपतो. खिंडीनंतर रस्ता खाली सेंट्रल व्हॅलीत उतरतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. मी उताराच्या भरात ६२ वर होते, हे इथे लिहायलाच हवं.

डावीकडून एक मोठा ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर एकदा उजवीकडे ढकलला गेला, मग डावीकडे आला, आणि मग थांबेचना. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. आरशात मला मुलीची ११० एकदा या काचेत, एकदा त्या काचेत दिसत होती. गाडीचा मागचा भाग कोणीतरी शेपटी धरून हलवावी तसा हलत होता. नवरा शेजारून एवढंच म्हणाला, "ब्रेक मारू नकोस." त्याने हे कुठेतरी वाचलेलं होतं आणि त्या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही. अशा वेळी जोरात ब्रेक मारला तर पुढची गाडी थांबते आणि मागचा भार तिला ढकलतो. मग दोन्ही मिळून रस्त्यावर आडवं व्हायला वेळ लागत नाही. मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, हेलकाव्यांच्या मागे लागून वळवलं नाही. ४५ च्या खाली आल्यावर ट्रेलर हळूहळू शांत झाला. कडेला थांबलो तेव्हा मागच्या सीटवर दोन्ही मुलं एकमेकांचा हात धरून बसली होती.

कार्नेगी रद्द केलं. चाळीसच्या वेगाने घरी परतलो.

आप्पांनी दांडी उचलली

घरासमोर ट्रेलर गाडीपासून सोडवला तेव्हा माझे वडील, आप्पा, व्हरांड्यात होते. काय झालं ते मी सांगत होते आणि ते ऐकत ट्रेलरभोवती एक फेरी मारून आले. मग वाकून त्यांनी ट्रेलरची दांडी एका हाताने उचलली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने, एका हाताने, चहाचा कप उचलावा तशी.

"पोरी, ही गाडी उलाळ झालीया," ते म्हणाले.

आप्पांची हयात बैलगाडीत आणि नंतर ट्रॅक्टरच्या उसाच्या ट्रॉलीत गेली. बैलगाडी भरताना वजन चाकांच्या आखाच्या किंचित पुढे ठेवतात. बैलांच्या मानेवर थोडा भार यायला हवा; तो फार आला तर गाडी धुरजड होते आणि बैलांच्या माना मोडतात. वजन आखाच्या मागे गेलं की गाडी उलाळ होते: धुरा वर उचलली जाते, जू वर चढतं आणि जुपणी बैलाच्या गळ्याला आवळते. भरलेली गाडी बैल जुंपायच्या आधी दांडी उचलून बघायची, ही त्यांच्याकडची रीत. आमच्या ट्रेलरलाही आख एकच, आणि बैलांच्या जागी आमची गाडी.

चूक कुठे होती ते मग लगेच दिसलं. बाईक रुळांवर पुढे तोंड करून नीट बांधलेल्या होत्या. पण पेट्रोलचे डबे, बर्फाची पेटी, हत्यारांची पेटी आणि रॅम्प हे सगळं आम्ही मागच्या टोकाला ठेवलं होतं, कारण उतरवताना तिथे हात सहज पोचतो. आखापासून तीन-चार फूट मागे ठेवलेलं पावणेदोनशे पौंड वजन पुढची दांडी हलकी करायला पुरेसं होतं. न्हाणीघरातला वजनकाटा आणून दांडी त्यावर टेकवली. ५२ पौंड. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर असावा, असा नियम आहे. १,३८० पौंडांच्या ट्रेलरला १३८ ते २०७. आमचा चार टक्केही नव्हता.

यामागचं कारण अगदी यांत्रिक आहे. ट्रेलर हा गाडीमागच्या गोल लोखंडी बॉलवर टांगलेला एक लंबकच आहे. वजन आखाच्या पुढे असेल तर वाऱ्याने बाजूला गेलेला ट्रेलर आपसूक सरळ रेषेत येतो. वजन मागे असेल तर मागचं टोक गेलेल्या दिशेलाच पुढे जात राहतं आणि प्रत्येक हेलकाव्यात त्याला वेगातून नवी ताकद मिळते. म्हणूनच हे संकट कमी वेगात कधी दिसत नाही. गावातल्या रस्त्यावर ट्रेलर एखाद्या शहाण्या वासरासारखा मागून येतो आणि हायवेच्या उतारावर अचानक बिथरतो. आजकालच्या बऱ्याच एसयूव्हींत हेलकावे ओळखून एकेका चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा असते. ती असावीच. पण ती चुकीचं भरलेलं वजन जागेवर नेऊन ठेवत नाही.

डबे आणि पेट्या पुढे आणल्या, २५० एफ मधल्या रुळावर वीतभर पुढे सरकवली. काटा १६५ वर आला. पुढच्या शनिवारी तीच गाडी, तोच ट्रेलर, तोच उतार, ताशी ५५. काडीइतकंही हललं नाही.

म्हणजे जुन्या गाडीचा काही दोष नव्हता. माझ्या ओळखीत दोन कुटुंबांनी असाच अनुभव आल्यावर आधी गाडी बदलली आणि नव्या, दुप्पट महागाच्या गाडीमागे तोच उलाळ ट्रेलर लावला. मोठी गाडी हेलकावे बराच वेळ सहन करते, त्यामुळे चूक उशिरा कळते, एवढाच फरक.

पाच हजार पौंड म्हणजे नेमकं काय

गाडी तरीही घ्यायची होतीच. माणसं सहा होती, आणि आम्हाला बंद ट्रेलर हवा होता. रात्री मोटेलबाहेर उघड्या ट्रेलरवरच्या बाईकवर नजर ठेवत झोपणं म्हणजे झोपणं नव्हे. सहा फूट रुंद, बारा फूट लांब असा एका आखाचा बंद ट्रेलर रिकामा साधारण १,४०० पौंड भरतो. त्यात बाईक ६३५ आणि बाकी सामान चारशे धरून २,४३५. बारा टक्क्यांनी दांडीवरचा भार २९०.

या आकड्यांवरून सगळ्यांचं एकच मत पडलं: पाच हजार पौंड ओढणारी कोणतीही गाडी घ्या, डोळे मिटून घ्या. पाच हजार म्हणजे सव्वादोन टन, आमच्या गरजेच्या दुप्पट. आणि असा आकडा मिरवणाऱ्या तीन रांगांच्या गाड्या भरपूर आहेत: होंडा पायलट ऑल-व्हील ड्राइव्ह, टोयोटा ग्रँड हायलँडरचा पेट्रोल प्रकार, किया टेल्युराइड, फोक्सवॅगन अ‍ॅटलास. पण त्यातही पोटभेद आहेत. पायलट फक्त पुढच्या चाकांवर चालणारी घेतली तर मर्यादा ३,५०० वर येते. ग्रँड हायलँडरची साधी हायब्रीड ३,५०० ची, तर तिचीच जास्त ताकदीची हायब्रीड मॅक्स ५,००० ची. नाव एक, चेहरा एक, आणि मर्यादेत दीड हजार पौंडांचा फरक.

हा आकडा येतो कुठून, तेही बघण्यासारखं आहे. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचा जे २८०७ नावाचा एक मानदंड आहे. टोयोटाने तो सगळ्यात आधी, २०११ च्या मॉडेलांपासून स्वीकारला. बाकीचे हळूहळू आले. त्यातली एक परीक्षा अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर आधारलेली आहे: अकरा मैलांहून लांब चढ, शंभर अंश फॅरनहाइटचं ऊन, एसी पूर्ण जोरात, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. परीक्षा खडतर आहे, त्यामुळे त्या आकड्याबद्दल मला आदर आहे. पण त्या परीक्षेत गाडीत माणसं किती धरतात? चालक आणि शेजारी एक, प्रत्येकी १५० पौंड. आमची सहा माणसं, त्यांच्या बॅगा आणि आईचा डब्यांचा पसारा त्या हिशेबात कुठेच नाही.

नवऱ्याला हायब्रीड हवी होती. त्याचं रोजचं ऑफिस जाऊन-येऊन साठ मैल, आणि ट्रेलर महिन्यातून दोनदा. त्याचा मुद्दा खरा होता, आणि उघडा ट्रेलरच ठेवणार असतो तर मी त्याच्याशी वाद घातला नसता. तेराशे-चौदाशे पौंडांना ३,५०० ची हायब्रीड भरपूर झाली. बंद ट्रेलरचं गणित मात्र वेगळं आहे, कारण तिथे वजनाइतकाच वारा ओढावा लागतो. सहा फुटी रुंद, सपाट भिंत ताशी ५५ मैलांनी हवेत ढकलत न्यायची. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळालाही मर्यादा घातलेली असते, आणि ते पान सहसा कोणी उघडत नाही. त्यात लांब चढावर हायब्रीडची बॅटरी लवकर उतरते आणि पुढचं सगळं ओझं एकट्या इंजिनावर येतं. गॉर्मनला जाताना ग्रेपव्हाइनचा चढ लागतो. दरीच्या तळातून निघून समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांच्या वर. पुढेमागे टाहो सरोवराकडे जायचं तर डॉनर समिटची खिंड ७,२३९ फुटांवर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के घटते, म्हणजे डॉनरवर पाचवा हिस्सा गेलेला असतो. तीन संध्याकाळी या विषयावर गेल्यावर नवऱ्याने हायब्रीड सोडली.

पिकअपचा विचार एका रात्रीत संपला: पाच फुटांच्या हौद्यात तीन बाईक मावत नाहीत आणि मागच्या सीटवर आईआप्पांना सहा तास बसवणार कसं? शेवरले टाहोसारखी आठ हजार पौंड ओढणारी गाडी घ्यायला हरकत काहीच नव्हती, फक्त गरज नव्हती. उरलेले पैसे मला ब्रेकवर घालायचे होते.

दारातला स्टिकर

इथे या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून सावकाश सांगते.

अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचा एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो. त्यावर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये. हा त्या एका गाडीचा पेलोड. ट्रेलरच्या दांडीवरचा भारही याच आकड्यातून वजा होतो, कारण तो गाडीच्या पाठीवर बसतो. जाहिरातीतल्या पाच हजारांना या स्टिकरची परवानगी लागते, आणि ती बहुतेक वेळा मिळत नाही.

आम्ही एका डीलरकडे गेलो. सेल्समन अदबशीर होता. त्याने सगळ्यात वरच्या दर्जाची गाडी पुढे केली: छपराएवढी काच, दुसऱ्या रांगेत दोन आरामखुर्च्या, मोठी चाकं. "पाच हजार पौंड ओढते, तुमच्या ट्रेलरची तिला जाणीवही होणार नाही," तो म्हणाला. मी दार उघडून खाली वाकले आणि फोनचा दिवा लावून स्टिकर वाचला. १,२४०. त्याच रांगेत, दोन गाड्या सोडून, त्याच मॉडेलची दोन दर्जे खालची गाडी उभी होती. तिच्यावर १,४३०. काच, मोटारी, चाकं, खुर्च्या, सगळ्याला वजन असतं आणि ते पेलोडमधूनच जातं.

तिथेच बॉनेटवर कागद ठेवून हिशेब केला. आम्ही चौघं ५२०. आई-आप्पा २७५. हिच, म्हणजे ट्रेलर जोडायची गाडीमागची लोखंडी जोडणी, नंतर बसवली तर बॉलच्या दांड्यासकट ६५. गाडीतलं सामान १८०. ट्रेलरच्या दांडीचा भार २९०. एकूण १,३३०. वरच्या दर्जाच्या गाडीत आम्ही नव्वद पौंडांनी जास्त झालो, खालच्या दर्जाच्या गाडीत शंभर पौंड शिल्लक राहिले. ट्रेलर तोच, इंजिन तेच, ओढायची क्षमता दोन्हींची पाच हजार. जास्त पैसे देऊन आम्ही कमी वाहणारी गाडी घेणार होतो.

सेल्समनने कागद पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की हा हिशेब त्याच्यासमोर आजवर कोणी केला नव्हता. मला त्याचा राग आला नाही. राग आला तो पुढच्या गोष्टीचा. ती दुसरी गाडी आम्ही पसंत केली आणि खिडकीवरच्या किमतीच्या पत्रकात शोधलं, तर ट्रेलरचं पॅकेज त्यात नव्हतंच. विचारल्यावर उत्तर मिळालं, "हिच काय, नंतरही बसवून देऊ, अर्ध्या दिवसाचं काम." हिच म्हणजे लोखंडाचा चौकोनी नळ; तो कोणीही बसवून देतो. पण बऱ्याच गाड्यांत पॅकेजबरोबर गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारा जादा कूलर किंवा मोठा पंखा येतो, सात पिनांचं वायरिंग येतं. ते नसलं तर पुस्तिकेतली मर्यादाच खाली येते. नुसती हिच बसवून आम्ही पाच हजारांच्या भरवशावर डोंगर चढलो असतो, आणि जाहिरातीतला तो आकडा आमच्या गाडीचा नव्हताच. सह्या करायच्या टेबलावरून आम्ही उठून आलो.

पॅकेज कारखान्यातूनच बसवलेली, त्याच खालच्या दर्जाची गाडी तीन आठवड्यांनी दुसऱ्या गावी मिळाली. गाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तेच नाव असलेल्या शेजारच्या गाडीचा स्टिकर वेगळा असेल. ज्याला घ्यायची आहे त्याने स्वतः वाकून वाचावा.

नवी गाडी दारात आली त्या संध्याकाळी मुलाने हेल्मेट काढून ठेवलं होतं. त्याला समजावणं जड गेलं. नव्या गाडीचं इंजिन, गिअर आणि डिफरन्शियल रुळेपर्यंत, पुस्तिकेप्रमाणे पहिली पाचशे ते हजार मैल, ट्रेलर लावायचा नसतो. आम्ही ती मैलं आईआप्पांना माँटेरे, योसेमिटी दाखवण्यात घालवली.

ब्रेक

बंद ट्रेलर बघायला गेलो तेव्हा जवळजवळ प्रत्येक एका आखाच्या ट्रेलरच्या पाटीवर एकूण वजनमर्यादा २,९९० पौंड होती. हा योगायोग नाही. कॅलिफोर्नियासह बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, म्हणून कंपन्या दहा पौंड खाली थांबतात आणि ब्रेकचा खर्च वाचवतात. कायद्याने आम्हाला ब्रेकची सक्ती नव्हती.

आप्पांना हे पटेचना. "ओढायचं काम इंजिनाचं. थांबवायचं कुणी?" ऊस भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला ढकलत नेते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. आम्ही पैसे मोजून विजेचे ब्रेक असलेला ट्रेलर मागवला आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर बसवून घेतला. सात पिनांचं वायरिंग इथे कामी आलं. चार पिनांच्या चपट्या जोडणीत फक्त दिवे चालतात, ब्रेकची तार नसते. कंट्रोलरला एक छोटी पट्टी असते. ती दाबली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, गाडीचे नाही. ऑल्टमाँटला माझ्या हाताखाली ती पट्टी असती तर चार हेलकावेही झाले नसते, कारण मागून ओढ बसली की ट्रेलर ताणलेल्या दोरीसारखा सरळ होतो.

बॉलबद्दल एकच सांगते. लहान ट्रेलरना पावणेदोन इंचांहून किंचित मोठा, एक पूर्णांक सात-अष्टमांश इंचांचा बॉल लागतो. मोठ्यांना दोन इंचांचा. दोन इंचांचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी ट्रेलरच्या दांडीची वाटी, लहान बॉलवरही बसतो, कुलूपही लागतं, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून निघतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. आकडा बॉलच्या डोक्यावर आणि कपलरवर कोरलेला असतो. दोन्ही वाचूनच जोडायचं. साखळ्या दांडीखाली फुली करून अडकवायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडते.

काट्यावर

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही सहाही जण हंग्री व्हॅलीला निघालो. माझा कागदावरचा हिशेब मला खरा करून बघायचा होता, म्हणून ५ नंबर हायवेवरच्या एका ट्रक स्टॉपवर कॅट स्केलच्या काट्यावर गाडी नेली. हे काटे ट्रकवाल्यांसाठी असतात, पण कोणीही थोडके पैसे देऊन वजन करू शकतं. तीन वेगवेगळ्या फळ्या असतात: पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर. आधी ट्रेलरसकट वजन केलं, मग ट्रेलर बाजूला सोडून नुसत्या गाडीचं, माणसं आणि सामान तसंच ठेवून.

नुसती गाडी: पुढे २,८८०, मागे २,८२०. ट्रेलरसकट: पुढे २,८००, मागे ३,१८०, ट्रेलरच्या आखावर २,१६०. म्हणजे दांडीवरचा भार २८०, पूर्ण ट्रेलर २,४४०, प्रमाण साडेअकरा टक्के. गाडीचं एकूण वजन दारावरच्या मर्यादेच्या शंभर-एक पौंड खाली. बॉनेटवरचा तो कागद खरा ठरला होता.

आप्पांनी पावती माझ्या हातातून घेतली आणि पुढच्या चाकांच्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं. मागे २८० पौंड ठेवले तर मागची चाकं ३६० ने जड झाली होती आणि पुढची ८० ने हलकी. "ट्रॅक्टर असाच पुढनं उचलतो," ते म्हणाले. ट्रॉलीचा भार फार पडला की ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडतात आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं, हे त्यांना पावतीशिवाय ठाऊक होतं. आमचे ८० पौंड फार नव्हते, पण दांडीवरचा भार वाढवत जाण्यालाही वरून एक मर्यादा का असते, ते त्या कागदावर छापलेलं होतं.

ग्रेपव्हाइन आम्ही उजवीकडच्या लेनमधून, ट्रकांच्या मागे, पंचेचाळीसने चढलो. इंजिन वरच्या आवाजात गेलं, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. चौदा मैलांपेक्षा कमी एका गॅलनला मिळत होते. एरवी हीच गाडी हायवेवर चोवीस देते आणि उघड्या ट्रेलरला अठरा. बंद ट्रेलरची किंमत पेट्रोल पंपावर दर वेळी मोजावी लागते आणि ती आम्हाला मान्य आहे. परत येताना त्याच उतारावर गिअर खाली टाकून उतरलो, ब्रेकवर पाय न ठेवता. एक ट्रक डावीकडून जोरात गेला. मी आरशात पाहिलं. ट्रेलर किंचित हलला आणि जागेवर आला. मागच्या सीटवर आई झोपली होती.

आईआप्पा ऑक्टोबरमध्ये परत गेले. आता निघायच्या आधी ट्रेलर जोडण्यापूर्वी धाकटी न्हाणीघरातला काटा घेऊन येते. नवरा दांडी त्यावर टेकवतो, ती आकडा वाचते आणि फोटो फलटणला पाठवते. तिथे रात्र असते, पण आप्पा जागे असतात. गेल्या शनिवारी काटा २७० दाखवत होता. दोन मिनिटांनी त्यांचा आवाज आला: "उलाळ न्हाई, धुरजडबी न्हाई. साखळ्या बघ आन् निघा."